शेजारची खाट

छगन पाटलांना पाणी मिळू द्यायचं नाही, हे काम डॉक्टरांनी त्यांच्या बायकोवर, ताईबाईवर सोपवलं होतं. दोन्ही किडन्या गेल्यापासून त्यांची लघवी बंद झाली होती, त्यामुळे प्यालेला प्रत्येक घोट अंगातच साठायचा. आधी पाय सुजायचे, मग तोंड, आणि शेवटी छातीत पाणी चढून माणूस बसल्या जागी गुदमरायचा. दिवसाला दोन पेले, त्यावर एक थेंब नाही. आणि दिवस वैशाखाचे. धरणगावकडच्या त्या गावात पत्र्याखाली बसलेल्या धडधाकट माणसाचीसुद्धा जीभ टाळूला चिकटत होती.

छगन पाटील, म्हणजे सगळ्यांचे आबा, चोरून पाणी प्यायचे. एकदा म्हशीच्या टाक्यावर वाकलेले सापडले. मग ताईबाईनं माठ आतल्या खोलीत नेऊन खोलीला कुलूप घातलं. त्यांच्यासमोर पाणी पिणं तिला जमेना, म्हणून तहान लागली की ती शेजारी जाऊन पिऊन यायची आणि पदरानं ओठ पुसून घरात शिरायची.

"एक घोट दे वं," ते म्हणायचे. "फक्त एक."

"डाक्टर नको सांगेल शे."

"मरू दे माले. पन पानी पीसन मरू दे."

साऱ्या संसारात या माणसानं तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. तो हुकूम करायचा आणि ती करायची. आता तो लेकरासारखा हात पुढे करत होता आणि ती नाही म्हणत होती. रोज.

आठवड्यातून दोनदा जळगावच्या दवाखान्यात डायलिसिस असायचं. मुलगा लीलाधर सुरतला कापडाच्या कारखान्यात होता. दर खेपेला रजा मिळणं शक्य नव्हतं. जाताना एसटी चालायची, पण येताना आबांच्या पायात त्राण राहायचं नाही. शेवटी पुतण्या नवल आपली काळी-पिवळी घेऊन जायला तयार झाला. त्यानंच एक गोष्ट सुचवली.

"काका, बौद्धवाडामधली द्रौपदाबाईनी पोर बी तठेच जास. दिवस तोच, वेळ तीच. एकच गाडी करा ना."

"त्यासना संगे नको," आबा म्हणाले, आणि विषय संपला.

दोनच खेपांनी तो पुन्हा निघाला. डिझेल परवडत नाही, असं नवलनं स्पष्ट सांगितलं. आबांनी या वेळी नाही म्हटलं नाही. त्यांना बोलायला दमच पुरत नव्हता.

द्रौपदाबाई ताईबाईच्याच वयाची. पाटलांच्या वावरात तिनं किती हंगाम कापूस वेचला असेल, त्याची मोजदाद नव्हती. तिची मुलगी मृणाली धरणगावच्या एका शाळेत शिकवायची. लग्न ठरत आलं असताना तिचं अंग सुजलं, तपासण्या झाल्या आणि स्थळ परत गेलं. द्रौपदाबाईला साखरेचा आजार, म्हणून तिची किडनी चालेना. भाऊ प्रशील पुण्याहून येऊन तपासून गेला, पण त्याची जुळेना. आता सरकारी यादीत नाव होतं आणि नुसती वाट पाहणं होतं.

पहिल्या दिवशी आबा नवलशेजारी पुढे बसले, ताईबाई मधल्या सीटवर, त्या दोघी अगदी मागे. जळगाव येईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. दवाखान्यात मात्र जागा निवडण्याची सोय नव्हती. नर्सनं बोट दाखवलं त्या खाटेवर आबा झोपले आणि त्यांच्या शेजारच्या खाटेवर मृणाली. दोघांच्या मध्ये यंत्रं घरघरत होती, नळ्यांतून दोघांचं रक्त बाहेर जाऊन परत येत होतं. नातेवाइकांनी बाहेर व्हरांड्यात बसायचं. ताईबाईनं डबा उघडला तो भिंतीकडे तोंड करून. द्रौपदाबाईही दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिनं जवळ यायचा प्रयत्नही केला नाही.

त्या दिवशी परतताना पाळधीजवळ आबांना भोवळ आली. ते दाराच्या बाजूला कलंडले आणि त्यांना उलटी झाली. ताईबाई मधून त्यांना सावरू बघत होती, पण तेवढं वजन तिला पेलेना. नवलनं गाडी थांबवली, तो उतरायच्या आत द्रौपदाबाई मागून उतरून पुढे आली होती. तिनं आबांच्या काखेत हात घालून त्यांना सीटवर आडवं केलं, पाय वर उचलून धरले. "खाले नका बसाडू, अक्का," ती म्हणाली. "पाय वर राहू द्या. मन्ही पोरले बी असंच व्हस."

घरी आल्यावर ताईबाईनं आबांचे कपडे धुतले, स्वतःचं लुगडं धुतलं आणि डोक्यावरून अंघोळ केली. उलटीमुळे, असं तिनं मनाशी म्हटलं. पुढच्या खेपेला गाडीत चढताना द्रौपदाबाईनं तिच्याकडे बघून विचारलं, "लुगडं धुयं का, अक्का?"

"उलटी लागेल व्हती ना."

"हा," द्रौपदाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ताईबाईला मात्र जळगाव येईपर्यंत मान वर करवली नाही.

मृणालीजवळ एक छोटा थर्मास असायचा. त्यात बर्फाचे खडे. पाण्याचा घोट क्षणात संपतो, पण खडा तोंडात धरला की तोंड बराच वेळ ओलं राहतं आणि पोटात जातं थोडंसंच, हे ती आजारातच शिकली होती. यंत्र सुरू असताना ती एखादा खडा तोंडात टाकायची आणि डोळे मिटून पडायची. शेजारच्या खाटेवरून आबा ते बघायचे. एके दिवशी ताईबाई पांघरूण द्यायला आत आली तेव्हा आबांची नजर त्या पोरीच्या गालावर खिळलेली होती. खडा ज्या बाजूला सरकेल, त्या बाजूला यांची नजर सरकत होती.

मृणालीनं डोळे उघडले. "काकू, आबांना देऊ का एक? त्यांच्या हिशेबात बसेल."

ताईबाईनं आबांकडे पाहिलं. "त्यासलेच इचार," ती म्हणाली.

आबांनी कुणाच्या विचारण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी तोंड उघडलं. मृणालीनं मोकळा हात लांब करून खडा त्यांच्या जिभेवर ठेवला. आबांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं आणि कानामागे ओघळलं. यंत्र संपल्यावर उठवताना ते ताईबाईचा हात दाबून हळूच म्हणाले, "घर कोनले सांगू नको."

द्रौपदाबाई मृणालीच्या चपला हातात घेऊन मागेच उभी होती. तिनं ते ऐकलं.

पुढच्या वेळी आबांनी मान वळवून शेजारच्या खाटेकडे पाहिलं. मृणालीचा हात थर्मासकडे गेला, पण तिची आई मध्ये येऊन उभी राहिली.

"नको देऊ," द्रौपदाबाई म्हणाली. मग आबांकडे वळली. "आबा, तुमले तहान शे, माले समजस. मन्ही पोरले बी तीच तहान शे. पन तिना हातना बर्फ काय चोरीना माल शे का? जे घर सांगता येत नही, ते आमना हातनं घेवानं बी नही."

आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघायला लागले. आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ताईबाईला संताप आला. मरायला टेकलेल्या माणसाशी कुणी असं बोलतं का? व्हरांड्यात आल्यावर ती भांडायच्या तयारीनंच द्रौपदाबाईसमोर उभी राहिली. पण ती बाई भिंतीला टेकून रडत होती. आवाज न करता, तोंडात पदराचा बोळा कोंबून.

"मन्ही पोर माले आते रागवी," द्रौपदाबाई म्हणाली. "म्हनी, म्हातारा मानूसले कशाले बोलनी. पन अक्का, मी काय करू? मी तुमना वावरमा कापूस येचाले येत व्हतू. तुमीन वरतून पानी टाकेत, मी ओंजळमा पियू. हाई पोर लहान व्हती, संगे राहे. घर ईसन तिनी माले इचारं, माय, आपला हात लागना तर तांब्याले काय व्हस? माले सांगता उनं नही."

ताईबाई तिच्या शेजारी खाली बसली. मग म्हणाली, "माले बी कोनी सांगं नही. मन्ही सासू करे, तसंच मी करं."

"मंग आते?"

आतून नर्सनं हाक मारली आणि दोघी उठल्या. उठताना द्रौपदाबाईच्या गुडघ्यानं दगा दिला, तेव्हा ताईबाईनं तिला दंडाला धरून उभं केलं.

ते दिवस आबांनी घरी कसे काढले, ते फक्त ताईबाईला ठाऊक. त्यांनी पाणी मागणं सोडलं. नुसते छताकडे बघत पडून राहायचे. पुढच्या खेपेला नवलनं गाडी सुरू केली, गाव मागे पडलं, तेव्हा पुढच्या सीटवरून आबांचा आवाज आला. खोल गेलेला, पण गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"पोरी, बर्फ आनेल शे का?"

नवलनं आरशातून मागे पाहिलं. नवलला कळलं म्हणजे त्याच्या आईला, भिकुबाईला कळणार, आणि भिकुबाईला कळलं म्हणजे साऱ्या भावकीला.

"आहे, आबा," मृणाली म्हणाली.

"मंग दवाखानामा दे. तुन्ही मायले इचारीसन दे."

द्रौपदाबाई खिडकीबाहेर बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं थर्मासचं झाकण घट्ट आहे ना, ते तपासून पाहिलं.

गावात व्हायचं ते झालं. भिकुबाई ताईबाईची जाऊ. ती दारात येऊन आत न शिरता बोलून गेली. घरी देवाचं असतं, लेकीबाळींची लग्नं व्हायची आहेत, आजारपणात माणसानं ताळतंत्र सोडायचा नसतो. आबा ओट्यावर बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "भिकुबाई, तू एक दिवस पानीबिगर ऱ्हाय. मंग बोल." त्यानंतर भिकुबाईच्या घरून येणारं ताक बंद झालं.

पण गाडीत बोलणं सुरू झालं. बटाटा नि भाजी उकळून पाणी टाकून दिलं की ती किडनीच्या माणसाला चालते, हे मृणालीनं ताईबाईला शिकवलं. आबांना ती शाळेतल्या पोरांचे किस्से सांगायची आणि तोंडावर सूज असतानाही आबा हसायचे. तिला बरं नसेल त्या दिवशी ते ताईबाईला दर थोड्या वेळानं विचारायचे, "पोर झोपनी का? देख जरा." व्हरांड्यात दोन्ही डबे आता एकाच चटईवर उघडायचे. ताईबाईच्या तोंडून एक दिवस 'द्रौपदे'च्या जागी 'द्रौपदाबाई' निघालं. दोघींनीही ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

एवढं सगळं झालं म्हणून आजार काही मागे हटला नाही. यंत्राला रक्त पुरवणारी आबांच्या हाताची शीर बंद पडली. मानेतून नळी घालावी लागली. त्या नळीच्या जागी पू झाला आणि अंगात ताप शिरला. हुडहुडी भरली की खाट हलायची. "नेऊ नका माले आते," ते म्हणायचे. लीलाधर सुरतेहून आला, त्यानं नाशिकला न्यायचं बोलून पाहिलं. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेतलं. बाहेर आलेल्या लीलाधरचा चेहरा पाहून ताईबाईनं काही विचारलं नाही. दोन दिवसांनी तो परत गेला, नोकरी जाईल म्हणून.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी ताईबाई व्हरांड्याच्या नळावर डबा धूत होती. आतून मृणालीची किंकाळी आली. "सिस्टर! आबा बघा! आबा!" ताईबाई धावली तर दारातच तिला थांबवलं. डॉक्टर आबांच्या छातीवर दाब देत होते. शेजारच्या खाटेवर मृणाली नळ्यांनी यंत्राला बांधलेली, उठता येत नाही, वळता येत नाही. तिनं मोकळा हात लांब केला होता आणि बोटांच्या टोकांत आबांच्या अंगावरच्या चादरीची कड धरली होती.

सगळं संपल्यावर आबांना नेलं. मृणालीचं यंत्र मात्र अजून चालू होतं. ती रिकाम्या खाटेशेजारी पडून राहिली.

शववाहिनी दवाखान्यातून निघाली. नवल आपली गाडी घेऊन पुढे गेला, तयारी करायला. अर्ध्या वाटेवर ताईबाईला एकदम आठवलं, त्या दोघी मागेच राहिल्या. घरी कशा येतील? विचारावं कुणाला? शववाहिनीत ती होती, ड्रायव्हर होता, आणि आबा होते.

दुसऱ्या दिवशी द्रौपदाबाई भेटायला आली. बाया ओट्यावर, आत, कोपऱ्याकोपऱ्यात बसल्या होत्या. द्रौपदाबाई अंगणात थांबली आणि तिथंच जमिनीवर बसली. भिकुबाईनं सगळ्यांना चहा दिला. अंगणापर्यंत कप गेला नाही. ताईबाई आतल्या भिंतीशी डोक्यावरून पदर ओढून बसली होती. तिला दारातून द्रौपदाबाईचा एक खांदा दिसत होता. हाक मारावी असं तिला वाटत होतं. नुसतं 'आत या' म्हणायचं होतं. पण भोवती जावा-नणंदांचं कडं, त्यांचे हात तिच्या पाठीवर, आणि तिच्या तोंडून आवाज फुटला नाही. थोड्या वेळानं दारातला तो खांदा दिसेनासा झाला. नवऱ्यासाठी रडता रडता ताईबाई त्यासाठीही रडली, आणि बायांना वाटलं, तिला पुन्हा उमाळा आला.

डायलिसिसचा दिवस आला आणि गेला. काळी-पिवळी आपल्या दारावरून मजूर भरून लागवडीला जाताना ताईबाईनं पाहिली. दुसऱ्या खेपेच्या दिवशीही तेच. शेजारची सुलक्षणा भाकरी घेऊन आली तेव्हा ताईबाईनं विचारलं, द्रौपदाबाईची पोर जळगावला कशी जाते?

"जातच नही," सुलक्षणा म्हणाली. "एसटीमा चढता येत नही तिले. आज सकायपासून बसीसन शे, आडवं होवाय नही. श्वास लागेल शे म्हनतस. ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंटले लिसन गयी."

ताईबाईला तो श्वास माहीत होता. छातीत पाणी चढलेल्या माणसाच्या घशातून निघणारा, फुटक्या भात्यासारखा. ती उठली. दहावं अजून व्हायचं होतं. घराबाहेर पाऊल टाकायची रीत नव्हती. तिनं चपला घातल्या आणि नवलच्या दारात जाऊन उभी राहिली. नवल जेवत होता.

"गाडी काढ," ती म्हणाली. "मृणालीले जळगाव लई जानं शे."

भिकुबाई चुलीजवळून उठली. "ताईबाई, तू सुतकमा शे. बठ्ठा गाव देखी ऱ्हायना."

"सूतक मन्हं शे. गाडीले नही."

"काकू, काका व्हता म्हनीसन चालनं," नवल हलकेच म्हणाला. "आते लोके काय म्हनतीन?"

"तू काकाले आनीसन सोडं ना दवाखानामा? इतला दिन? मंग ती पोर शेजारना खाटवर व्हती, तुले दिसत नव्हती का? तुना काका गया तवय मी बाहेर व्हतू, नवल. चादर धरीसन ती व्हती."

नवलनं हातातला घास ताटात ठेवला. तो आईकडे बघत होता, काकूकडे बघत होता. मग उठून त्यानं हात धुतला आणि खुंटीवरची किल्ली घेतली. भिकुबाई मागून बोलत राहिली. तो थांबला नाही.

बौद्धवाड्यात ताईबाई साऱ्या आयुष्यात कधी शिरली नव्हती. घर कोणतं ते नवलला विचारावं लागलं. दार उघडंच होतं. मृणाली भिंतीला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती. ओठ काळेनिळे. द्रौपदाबाई वारा घालत होती. दारात पाटलीण बघून तिचा हात थांबला.

"तुमीन कशाले उनात, अक्का? दहावं बाकी शे."

"द्रौपदाबाई, चाला. गाडी उभी शे." ताईबाई उंबरा ओलांडून आत आली आणि मृणालीच्या काखेत हात घालून खाली वाकली. "तुमीन तो हात धरा."

"त्या दिनी अंगनमा बसनू मी," द्रौपदाबाई जागची न हलता म्हणाली. "तुमीन देखं."

"देखं," ताईबाई म्हणाली. "तोंड उघडं नही मन्हं. मंग बोला माले. वाटवर बोला, जितलं बोलनं शे तितलं. पयले पोरले उचला."

दोघींनी तिला उचललं. मधल्या सीटवर मृणाली बसली, तिच्या दोन बाजूंना त्या दोघी. गावातून जाताना ओट्यावरचे लोक उभे राहून बघत होते. द्रौपदाबाई वाटेत काहीच बोलली नाही. मृणालीचं डोकं ताईबाईच्या खांद्यावर पडलं होतं आणि प्रत्येक श्वासाला तो खांदा हलत होता. पाळधी गेलं. जळगावची पहिली घरं दिसली. ताईबाई तिच्या कानाशी बोलत होती, "उनं, बेटा. उनं जळगाव. आते थोडंच." जसं ती आबांना म्हणायची, अगदी तसंच.

त्या दिवशी मृणाली वाचली. डॉक्टर खूप रागावले. दोन खेपा चुकल्याच कशा, तुम्ही घरातली माणसं ना, तुम्हाला समजत नाही का? दोघी खाली मान घालून ऐकत राहिल्या.

मृणाली बरी झालेली नाही. यादीत तिचं नाव आहे, बोलावणं अजून आलेलं नाही, आणि तिच्याही हाताची शीर हल्ली अधूनमधून दगा देते. आबांच्या खाटेवर आता जामनेरकडचा एक माणूस असतो. भिकुबाई ताईबाईशी बोलत नाही. नवल कुरकुरतो, पण गाडी काढतो. खेपेच्या दिवशी ताईबाई भाकरी बांधून वेळेआधीच ओट्यावर येऊन बसते. व्हरांड्यात त्या दोघी भिंतीला टेकून बसतात, बोलतात, न बोलता बसतात. आतून हाक कधी येईल त्याचा नेम नसतो, म्हणून एकीला डोळा लागला तर दुसरी जागी राहते.